चढावर दम लागलेली लूना

पुण्यात पौड रस्त्यानं वनाजचा कोपरा मागे पडला की रस्ता चढू लागतो आणि चांदणी चौकापर्यंत चढतच राहतो. आता तिथे नव्या पुलांचं जाळं आहे आणि वनाजहून मार्च २०२२ पासून मेट्रो धावते. कोथरूडच्या जुन्या रहिवाशांना मात्र हा चढ आठवतो तो लूनामुळे. कर्वे रस्त्यानं नळस्टॉपपर्यंत निमूट धावणारी लूना इथे आली की तिची खरी तब्येत उघडी पडायची. आवाज बसायचा, वेग सायकलवाल्याच्या बरोबरीला यायचा आणि स्वार बसल्या बसल्या पायडल मारू लागायचा.

पायडल मारता यायचं, कारण लूना म्हणजे मुळात इंजिन बसवलेली सायकलच. ‘मोपेड’ हा शब्दही मोटर आणि पेडल यांच्या जोडणीतून आला; १९५२ मध्ये हाराल्ड निल्सन या स्वीडिश पत्रकारानं तो सुचवला. इटलीच्या पियाजिओ कंपनीनं १९६७ मध्ये ‘चाओ’ नावाची मोपेड आणली. तिच्याच धर्तीवर, परवाना घेऊन, ह. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ मध्ये लूना बाजारात आणली. किंमत होती साधारण दोन हजार रुपये. इंजिन ५० सीसीचं, टू-स्ट्रोक. गिअर नाही, हातानं दाबायचा क्लच नाही. सायकलींच्या पुण्यात पेठा सोडून कोथरूडच्या नव्या सोसायट्यांमध्ये राहायला आलेल्या माणसाला रोजच्या ये-जा करण्यासाठी याहून सोपं वाहन नव्हतं. शिवाय ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं. त्यामुळे अनेकांच्या आयुष्यातली पहिली गाडी लूनाच ठरली.

त्यातल्या काही लूना अजून इमारतींच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकखाली उभ्या आहेत. वडिलांची आठवण म्हणून कुणी ती पुन्हा चालू करतो आणि मग तीच जुनी तक्रार ऐकू येते: चालू होते, पण ओढत नाही.

‘पिकअप नाही’ एवढं ऐकलं की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे जातो. तो उघडायचा, जेट फुंकायचा, हवेचा स्क्रू अर्धा आटा इकडेतिकडे करायचा. ही घाई टाळायला हवी. एकदा स्क्रू जागचा हलला की मूळ दोष आणि आपण नव्यानं घातलेला दोष यांची सरमिसळ होते, आणि मग चांगला मेकॅनिकही चाचपडत राहतो. सुरुवात इंजिनाच्या बाहेरून करावी. गाडी स्टँडवर चढवून दोन्ही चाकं हातानं फिरवून बघावीत. ब्रेक धरून राहिला असेल, चेन फार ताणलेली असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल, तर एवढंसं इंजिन आपली निम्मी ताकद तिथेच घालवतं आणि बोल मात्र कार्बोरेटरला बसतो.

मग प्लग काढून त्याचा रंग बघावा. टोकाशी फिकट विटकरी रंग असेल तर जळण ठीक आहे. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय, नाहीतर करंट कमजोर आहे. पांढुरका, भाजल्यासारखा असेल तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी. या अवस्थेत गाडी तशीच दामटली तर पिस्टन जाम होऊ शकतो. टू-स्ट्रोकमध्ये प्लगच्या दोन टोकांमध्ये कार्बनचा बारीक कण अडकून पूल तयार होतो आणि चालती गाडी एकाएकी बंद पडते. जुन्या लूनावाल्यांच्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा आणि प्लगपाना असायचा, तो याच कारणासाठी. टू-स्ट्रोक इंजिनाला प्रत्येक फेरीला ठिणगी लागते. मिनिटाला चार हजार फेऱ्या धरल्या तर सेकंदाला साठाहून जास्त ठिणग्या झाल्या. त्यातल्या थोड्या जरी हुकल्या तरी गाडी ‘मिसिंग’ करते. गार असताना छान चालणारी आणि तापल्यावर बंद पडून, पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू होणारी गाडी असेल, तर संशय कॉइल आणि कंडेन्सरवर घ्यावा. जुन्या मॉडेलांमध्ये मॅग्नेटच्या मागचे पॉइंटही काळे पडतात.

थोडं अंतर गेल्यावर बंद पडणाऱ्या गाडीचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात पैसे विनाकारण जातात. टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं. ते धुळीनं बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल खाली उतरेनासं होतं आणि इंजिन तहानेनं थांबतं. झाकण उघडल्यावर हवेचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष सापडला. टाचणीनं काम होतं.

चढावर दम लागणं मात्र वेगळं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा सायलेन्सरमध्ये असतं, आणि तिथे फार कमी लोक बघतात. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली आला की जळालेला वायू एका खिडकीतून बाहेर पडतो आणि त्याच सुमारास दुसऱ्या खिडकीतून ताजं मिश्रण आत येतं. जुनं बाहेर गेलं नाही तर नव्याला जागाच उरत नाही. पेट्रोलबरोबर ऑइलही जळत असल्यानं त्याची काजळी बाहेरच्या खिडकीच्या कडेला आणि सायलेन्सरच्या जाळीत वर्षानुवर्षं साचते. नरसाळ्याएवढी वाट पेन्सिलएवढी होते. आवाज दबका होतो, एक्सलरेटर पूर्ण पिळला तरी फेऱ्या वाढत नाहीत. सपाटीवर हे जाणवत नाही, कारण तिथे थोडीशीच ताकद लागते. चांदणी चौकाच्या चढावर सगळी लागते. खात्री करायची असेल तर सायलेन्सर सिलिंडरपासून सैल करून, मोकळ्या जागेत, काही सेकंदच इंजिन चालवून बघावं. आवाज कानठळ्या बसवेल, पण इंजिन एकदम मोकळं धावू लागलं तर निदान पक्कं झालं.

सफाईत एक काळजी घ्यावी लागते. खिडकीतला कार्बन खरवडताना पिस्टन वर आणून ठेवायचा, म्हणजे त्याची भिंत खिडकीला झाकते आणि चुरा आत पडत नाही. खरवडायला लाकडाची काडी वापरावी. स्क्रूड्रायव्हरनं पिस्टनवर ओरखडे उठतात. लोखंडी सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात भिजवून स्वच्छ होतो, पण हातमोजे आणि चष्मा हवाच. अॅल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला सोडा लागू देऊ नये, तो धातू खातो.

काजळी इतकी साचते, कारण ‘थोडं जास्त घाला, इंजिन टिकेल’ असं म्हणत आपल्याकडे पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल सढळ हातानं ओतलं जातं. लिटरला २० मिलि म्हणजे पन्नासास एक. ४० मिलि घातलं की पंचविसास एक. पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा ऑइल वाढवलं की धूर आणि कार्बन वाढतोच, पण आणखी एक गोष्ट घडते. जेटमधून जाणाऱ्या तेवढ्याच थेंबात पेट्रोलचा वाटा कमी होतो. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी मिळतं आणि ते जास्त तापतं. ज्याच्या भल्यासाठी ऑइल वाढवलं, त्यालाच ते बाधतं.

हे सगळं बघूनही दम आला नाही तर प्लगच्या भोकावर अंगठा दाबून पायडलनं इंजिन फिरवावं. अंगठा जोरानं उडाला पाहिजे. नुसतीच हवा फुसफुसली तर रिंगा झिजल्या किंवा हेडचं पॅकिंग गेलं. एक्सलरेटर सोडल्यावरही इंजिन आपोआप रेस होत राहिलं, तर कुठलं तरी सील किंवा पॅकिंग बाहेरची हवा आत ओढतंय. इथून पुढचं काम मेकॅनिकचं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना विजेवर परत आली. तिला प्लग नाही, जेट नाही, सायलेन्सरही नाही. जुनीला मात्र आताच्या पेट्रोलशी जमवून घ्यावं लागतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि प्राणवायू त्याच्या रचनेतच असतो. त्यामुळे १९७० किंवा ८० च्या दशकातल्या जेटमधून गेलेलं मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. कधी कधी एक नंबर मोठा जेट बसवावा लागतो. जुने रबरी पाइप आणि वॉशर इथेनॉलनं फुगतात, चिरतात. ते हवेतला ओलावाही शोषतं आणि पावसाळाभर उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये तळाशी पाणी बसतं, पांढरट बुरशीसारखा थर धरतो. म्हणून लूना महिनाभर हलणार नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपणहून थांबेपर्यंत ते चालू ठेवावं. पुन्हा बाहेर काढताना टाकीत ताजं पेट्रोल मोजून ऑइल घालून भरावं आणि पहिल्या फेरीला तिला वनाजच्या पुढे, चढाकडे न्यावं.