टर्मिनलशी ओळख (भाग ७) : नाव अडलं तर क्रमांक धरा

गेल्या आठवड्यात आपण फोल्डरांमधून फिरायला शिकलो. आज नको असलेली फाइल पुसू. काम एका ओळीचं : 'आरएम' आणि पुढे फाइलचं नाव. (आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टंकताना रोमन लहान अक्षरं वापरा.) पण नाव अवघड असलं की हीच ओळ अडते, कधी भलतीच फाइल घेऊन जाते. लिनक्समध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य-बाइट सोडून काहीही चालतं, त्यामुळे अशी नावं हटकून भेटतात.

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या एका शेतकरी गटाने हळदीच्या नोंदी तालुकावार ठेवल्या आहेत. त्यातली 'औंढा नागनाथ' ही फाइल पुसायची आहे. नाव तसंच लिहिलं तर मधल्या मोकळ्या जागेमुळे शेल त्याची दोन नावं धरतो. तिथे 'औंढा' नावाची वेगळी फाइल असेल तर ती जाते आणि नको असलेली राहते. म्हणून असं नाव अवतरणचिन्हांत लिहा.

'-वसमत' या नावातली सुरुवातीची आडवी रेघ 'आरएम'ला पर्यायाची खूण वाटते, आणि ती चूक दाखवून थांबते. अशा वेळी 'आरएम ./-वसमत' लिहा. 'या फोल्डरातली' एवढं सांगितलं की गोंधळ संपतो.

मराठीत खरी कसोटी 'शेतकऱ्यांची यादी' या नावाची. त्यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो : नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक बाइट तपासतो, म्हणून त्याच्या लेखी ती दोन नावं. एकाच फोल्डरात अशा दोन फाइली सुखाने नांदतात. 'शेतक*' लिहिलं तर दोन्ही जातील. '-आय' लावून विचारायला लावलं तरी प्रश्नात दिसणारी नावं सारखीच.

इथे नाव सोडा. 'एलएस -एलआय' दिल्यावर प्रत्येक फाइलपुढे तिचा आयनोड क्रमांक, आकार आणि तारीख दिसते. आकार व तारखेवरून नको असलेली यादी ओळखा, तिचा क्रमांक टिपा. समजा तो ४१२७ आहे. आधी 'फाइंड . -आयनम ४१२७' देऊन खात्री करा, मगच त्याच ओळीच्या शेवटी '-डिलीट' जोडा. हा शब्द क्रमांकाच्या आधी आला तर फोल्डरातलं सगळंच पुसलं जातं.

टर्मिनलमधून पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. नोंदी गावाच्या, गटाच्या असतील तर एका ओळीची घाई अनेकांचं काम बुडवते. म्हणून पुसण्याआधी पाहण्याची सवय हीच या भागातली सर्वांत मोलाची आज्ञा.

पुढच्या आठवड्यात : आख्खा फोल्डर एका गठ्ठ्यात बांधून जपणारी 'टार'.