यूव्ही दिव्यांची देखभाल : हवा येते, पण किती?

एलईडी दिव्यांवर आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून एका वाचकांचा प्रश्न आला आहे आणि त्याच्या उत्तरात माझा फार आवडता विषय आहे : दिव्याला लागणारी हवा.

लोहाऱ्याची एमआयडीसी बाहेरच्यांना माहीत आहे ती रेमंडच्या डेनिममुळे. हे वाचक मात्र खोक्यांच्या छपाईत आहेत. छापलेल्या शीटवर यूव्ही वार्निश चढवून ती दोन मर्क्युरी दिव्यांखालून काढतात. तक्रार अशी की, उन्हाळ्यात लाइट क्षणभर गेली तरी दोन्ही दिवे विझतात आणि मग कितीतरी वेळ लागतच नाहीत. वैतागून एक दिवा नवा टाकला, तर थोड्याच दिवसांत त्याचीही टोकं काळवंडली आणि वार्निश पुन्हा बोटाला चिकटायला लागलं. ‘दिवेच खराब येताहेत का?’ असा त्यांचा सवाल.

लाइट गेली की दिवा विझणार, त्यात दिव्याचा दोष नाही. गरम दिवा लगेच न पेटणं हाही त्याचा स्वभावच. थंड नळीत पारा थेंबांच्या रूपात काचेला चिकटलेला असतो आणि आत थोडा आर्गॉन असतो, त्यामुळे ठिणगी सहज पडते. चालू दिव्यात मात्र सगळ्या पाऱ्याची वाफ झालेली असते आणि तिचा दाब चांगलाच चढलेला असतो. त्या दाबातून ठिणगी पाडणं नेहमीच्या इग्नायटरच्या आवाक्याबाहेरचं. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण निघत नाही, तसंच हे. घाईघाईने स्टार्टचं बटण पुनःपुन्हा दाबलं, तर इलेक्ट्रोडचं टंगस्टन उडून काचेवर बसतं. टोकं काळी होण्याचं एक कारण हेच.

पण वाट किती पाहावी लागते, हे हवेवर ठरतं. पाच-सात मिनिटांत निवणारा दिवा वीस मिनिटं घेत असेल, तर शोध दिव्यात नाही, दिव्यावरून हवा ओढणाऱ्या ब्लोअरमध्ये घ्यायचा.

त्यांच्या पत्रात शेवटी सहज लिहिलेलं एक वाक्य होतं : ‘मार्चमध्ये मेन केबल बदलली, बाकी मशीनला हात लावलेला नाही.’ मी फोन करून म्हटलं, ब्लोअर कोणत्या दिशेने फिरतो ते बघा. ते म्हणाले, “हवा तर येऊन राहिली ना भाऊ, हात लावून पाह्यलं मी.” तरीही बघा म्हटलं. मोटर बंद होताना पंख्याची पाती हळू होतात, तेव्हा दिशा नीट दिसते. केसिंगवर बाण होता डावीकडे, पंखा फिरत होता उजवीकडे.

हा दोष महिनोन् महिने लपून राहतो. सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा उलटी जात नाही. ती त्याच तोंडातून बाहेर पडते, फक्त बरीच कमी पडते. हाताला ती लागतेच, म्हणून संशय येत नाही. थ्री-फेजच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. मग छपाईयंत्र उलटं का फिरलं नाही? कारण त्याची मोटर ड्राइव्हवर होती. ड्राइव्ह आधी एसीचं डीसी करतो, त्यामुळे आत येणाऱ्या फेजचा क्रम कसाही असला तरी मोटरची दिशा बदलत नाही. सगळा कारखाना सुरळीत आणि एकटा ब्लोअर उलटा! इलेक्ट्रिशियनने दोन तारा बदलल्या आणि दिवे पुन्हा वेळेत निवायला लागले. पॅनेलमध्ये फेज सिक्वेन्स रिले बसवला, तर ही वेळ पुन्हा येणार नाही. दिव्याच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे.

हवा कमी पडली की सगळ्यात आधी मरतात ती दिव्याची टोकं. नळीचा मधला भाग ६०० ते ८०० अंश सेल्सिअसवर सुखाने चालतो. टोकाला मात्र नळीच्या क्वार्ट्झ काचेत मॉलिब्डेनमची केसाहून पातळ पट्टी दाबून बसवलेली असते. क्वार्ट्झ तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही, धातू पावतो. जाड तार घातली तर काच तडकेल, म्हणून ही पट्टी. साधारण ३५० अंशांच्या वर ती झपाट्याने गंजते, सील फुटतं आणि हवा आत शिरते. बाहेर ४४ अंश आणि ब्लोअर उलटा, मग नवा दिवा टाकून काय होणार?

विदर्भात आणखी एक शत्रू आहे : कापूस. जिनिंगचा हंगाम चालू असतो तेव्हा रुईचे बारीक तंतू दूरवर उडतात आणि लॅम्प हाउसिंगच्या फिल्टरवर त्यांचा नमदा तयार होतो. जे आत जातात, ते रिफ्लेक्टरवर जळून तपकिरी थर धरतात. हिवाळ्यात हे खपून जातं, एप्रिल-मे मध्ये अंगावर येतं. म्हणून होळीच्या आत फिल्टर बदला. मशीन बंद आणि पूर्ण थंड असताना रिफ्लेक्टर आणि दिवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नळीला उघडं बोट लावू नका. घामातलं मीठ तापल्यावर क्वार्ट्झ दुधाळ करतं.

हाताने हवा जोखायची सवय सोडा. गवंड्याचा लेव्हल पाइप असतो ना, त्याचा हातभर तुकडा घ्या. इंग्रजी यू आकारात फळीवर ठोका, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक तोंड उघडं ठेवा आणि दुसरं हाउसिंग व ब्लोअर यांच्यामधल्या डक्टला, मशीन बंद असताना भोक पाडून, जोडा. सगळं स्वच्छ आणि दिशा बरोबर असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात जो फरक दिसेल, तिथे मार्करने खूण करा. पुढे फरक वाढला तर फिल्टर तुंबला. घटला तर ब्लोअर उलटा, पट्टा सैल, डक्ट फाटलेली किंवा बाहेरचं तोंड बुजलेलं.

लाइट गेल्यावर ब्लोअरही थांबतो, हे उन्हाळ्यात सगळ्यात घातक. तापलेल्या दिव्याखाली अडकलेली शीट पेट घेऊ शकते. ब्लोअर आणि दिवा झाकणारं शटर पाच-दहा मिनिटं चालतील अशा बॅकअपवर घ्या. लाइट आली की आधी ब्लोअर, मग धीर, मग दिवा.

थंडीत याच्या उलट घडतं. हवा जास्त झाली तर पाऱ्याची पूर्ण वाफ होत नाही, दिव्याचा व्होल्टेज पडतो, करंट चढतो आणि यूव्ही घटतो. तेव्हा हवा आवरणारा डँपर थोडा मिटवावा लागतो, म्हणून खुणा दोन ठेवा : उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची.

पुढच्या आठवड्यात एलईडी नक्की. तोवर ज्यांच्याकडे मर्क्युरी दिवे आहेत, त्यांनी ब्लोअरवरचा बाण आणि पंख्याची दिशा जुळते का, एवढं एकदा बघून मला कळवावं.