गाडी आपल्या हाती (लेखांक ६) : आधी मोजा, मग भोक पाडा

मागच्या लेखात फ्यूज, अर्थ आणि टेस्ट लॅम्प यांची ओळख झाली. तिचा पहिला उपयोग आज करू. जुन्या गाडीला मागचे पार्किंग सेन्सर घरच्या घरी बसवायचे आहेत.

भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींना हे सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधीच्या असंख्य गाड्या अजून उत्तम चालतात, पण त्यांना मागचं कळत नाही. चंडीगडमध्ये ही उणीव फार जाणवते. ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यात हे शहर पाच लाख वस्तीचं होतं; २०११ च्या जनगणनेत ती साडेदहा लाखांवर गेली होती. माणशी मोटारींचं प्रमाणही देशात अगदी वरचं. संध्याकाळी सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर घरांपुढे गाड्या दाटीनं लागतात, त्याच वेळी समोरच्या बागेत मुलं खेळत असतात. अशा वेळी फाटकातून गाडी मागे काढणाऱ्याला मदत हवीच.

सेन्सरचं काम आधी समजून घेऊ. बंपरमधली छोटी चकती साधारण ४० किलोहर्ट्‌झचा, आपल्या कानाला न ऐकू येणारा आवाज सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकते. एक मीटरवर भिंत असेल तर आवाज जाऊन परत यायला सहा हजारांश सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. या वेळावरून डिकीतला कंट्रोल बॉक्स अंतर काढतो आणि बझर वाजवतो. बोलणारी आणि ऐकणारी चकती एकच असल्यामुळे आवाज सोडल्यावर तिची थरथर शमेपर्यंत तिला काही ऐकू येत नाही. म्हणून अगदी जवळची, साधारण २५-३० सेंटिमीटरच्या आतली वस्तू तिच्या हिशेबात नीट येत नाही. सलग बीप सुरू झाला की थांबायचं, ते यासाठी.

मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये चार सेन्सर, कंट्रोल बॉक्स, बझर आणि भोक पाडायचं गोल कटर असा संच मिळतो. तिथले कारागीर तो बसवूनही देतात. पण या कामात सगळ्यात जास्त वेळ मोजमापाला द्यावा लागतो, आणि घरी तो हवा तेवढा देता येतो.

सेन्सरची उंची जमिनीपासून साधारण ५० ते ६५ सेंटिमीटर असावी. संचाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. खाली बसवले तर ते जमिनीचाच प्रतिध्वनी ऐकून उगाच ओरडतात, फार वर बसवले तर बुटका अडथळा त्यांच्या खालून निसटतो. आता एक गोष्ट करून पाहा. मागच्या सीटवर तिघांना बसवा, डिकीत कसौलीला जाताना नेता तेवढं सामान भरा आणि पुन्हा मोजा. गाडीची मागची बाजू बसलेली दिसेल आणि बंपरचं तोंडही किंचित जमिनीकडे झुकलेलं असेल. रिकाम्या गाडीवर काठावरची उंची धरली असेल तर भरल्या गाडीत सेन्सर रस्त्यालाच अडथळा समजतात. म्हणून उंची ठरवताना भरलेली गाडीच प्रमाण माना. बंपरचा उतार मुळातच खाली असेल तर संचात मिळणारी तिरपी रिंग वापरा.

बंपरवर मास्किंग टेप लावून चारही जागा समान अंतरावर आखा. मागून हात घालून तिथे लोखंडी पट्टी किंवा आधार नाही ना, हे चाचपून पाहा. बंपरच धातूचा असेल तर हा संच त्यासाठी नाही. आधी बारीक बिटनं मध्यबिंदू पाडा, मग कटर कमी वेगात चालवा. चंडीगडच्या जानेवारीत, धुक्याच्या सकाळी प्लास्टिक गारठून ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे हे काम दुपारच्या उन्हात करा. भोकाची कड साफ करा आणि सेन्सरवरचा बाण वर ठेवून तो हातानं दाबून बसवा.

वीज रिव्हर्स लाइटमधून घ्यायची. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा, रिव्हर्स गिअर टाका आणि कोणत्या वायरमध्ये १२ व्होल्ट येतात ते टेस्ट लॅम्पनं बघा. मग इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कंट्रोल बॉक्सची लाल वायर रिव्हर्स लाइटच्या त्या १२ व्होल्टच्या वायरला फ्यूजसह जोडा आणि काळी बॉडीच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या जागी. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी पहिल्या पावसाळ्यातच दगा देते. सोल्डर करा किंवा क्रिंप, आणि वर हीट श्रिंक नळी चढवा. वायर रबरी ग्रोमेटमधूनच डिकीत घ्या, सायलेन्सरपासून लांब बांधा. गाडी वॉरंटीत असेल किंवा मागचे दिवे एलईडी आणि संगणकाच्या ताब्यातले असतील, तर मूळ वायरला हात लावण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला विचारा.

शेवटी चाचणी. बॅटरी जोडा, इंजिन बंदच ठेवून फक्त इग्निशन चालू करा, रिव्हर्स गिअर टाका, आणि रुंद पुठ्ठा धरून एकाला हळूहळू बंपरजवळ यायला सांगा. मग तीच परीक्षा बारीक काठीची, जमिनीवरच्या विटेची आणि जाड लोकरी शालीची घ्या. काठी उशिरा कळेल, वीट कदाचित कळणारच नाही, शाल बराच आवाज गिळून टाकेल. या मर्यादा घरातल्या प्रत्येक चालकाला प्रत्यक्ष दाखवा. चकतीवर चिखल किंवा दव साचलं की खोटे इशारे येतात. मऊ फडक्यानं पुसलं की पुरे.

पुढच्या आठवड्यात रिव्हर्स कॅमेरा बसवू. तोवर एक सवय लावून घ्या: गाडीत बसण्याआधी तिच्या मागून एक फेरी मारा. बंपरखाली बसलेलं लहान मूल सेन्सरला कळेलच असं नाही, ते तुम्हालाच पाहायचं आहे.