थांबलेल्या क्षणातली नृत्यरचना

चांगले छायाचित्र नृत्याच्या रचनेचा अर्थ लावते. कवयित्री एमिली डिकिन्सनच्या जीवनावर आधारलेल्या ‘लेटर टू द वर्ल्ड’ या नृत्यातील नर्तकी मार्था ग्रॅहम यांचे छायाचित्रकार बार्बरा मॉर्गन यांनी १९४० साली टिपलेले छायाचित्र पाहावे: कमरेतून वाकलेले धड, मागे उसळलेला पाय, घेरदार झग्याची कमान. मॉर्गन आधी नृत्य समजून घेत, मोक्याचे क्षण निवडत आणि ते स्टुडिओत स्वतःच्या प्रकाशयोजनेत टिपत.

असे घडवलेले, ताल आणि क्रम गमावलेले चित्र नृत्याशी प्रामाणिक कसे, असा आक्षेप येतो. क्रम हरवतो हे खरेच. एका छायाचित्रावरून अख्खे नृत्य उभे राहणार नाही. पण तोल कुठे सांभाळला आहे, शरीर अवकाश कसा व्यापते, हे रंगमंचावर क्षणार्धात निसटणारे रचनेचे मर्म इथे निवांत अभ्यासता येते. जाणतेपणाने केलेली निवड हाच त्या चित्राचा प्रामाणिकपणा आहे.