घराची दुरुस्ती : आधी कागद, मग शेजारी, मग हातोडा

पाऊस संपला आणि दिवाळीची गर्दी ओसरली की गांधीबाग, हंसापुरी, मोमिनपुरा या भागांत विटा-वाळूच्या गाड्या दिसू लागतात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी आपल्यापैकी अनेकांची घरे. मुलाचे लग्न ठरले की वर एक खोली हवी, धंदा वाढला की मागे गोदाम हवे. गरज खरी असते. परंतु आपण मिस्त्रीला बयाणा आधी देतो आणि कागदांची आठवण नोटीस आल्यावर करतो. मग काम थांबते, मालकाचे भांडवल अडकते आणि मिस्त्री-मजुरांची रोजी बुडते. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंपुढे काही गोष्टी ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट परवानगीची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार घराच्या आतल्या भागापुरत्या किंवा बाहेरचे रूप फारसे न बदलणाऱ्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही. रंग, गिलावा, फरशी ही कामे त्यात येतात. मात्र नवी खोली, वाढीव मजला, रस्त्यावर काढलेला सज्जा किंवा राहत्या खोलीचे गोदाम करणे यासाठी परवानगी हवीच. परवानाधारक वास्तुशास्त्रज्ञाकडून नकाशा काढून महानगरपालिकेकडे अर्ज करावा. विनापरवाना बांधकामास याच कायद्याच्या कलम ५२ खाली १ महिना ते ३ वर्षे कैद आणि २ ते ५ हजार रुपये दंड सांगितला आहे.

अर्जापूर्वी आखीव पत्रिका आणि मालमत्ता कराची पावती तपासावी. वडिलांच्या पश्चात वारसांची नावे चढली नसतील तर ते काम आधी उरकावे. जमीन नझूलची किंवा सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्याची असेल तर पट्ट्याच्या अटी वाचाव्यात.

आपल्यातले अनेक दुकानदार भाडेकरू आहेत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम केल्यास जागा खाली करण्याचा दावा होऊ शकतो. लाकडी पार्टिशन, दार, फॉल्स सीलिंग, स्वयंपाकाचा ओटा यांना कायदा पक्के बांधकाम मानत नाही. तरीही मालकाची संमती तोंडी न ठेवता कागदावर घ्यावी.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. आपल्या गल्ल्यांत दोन घरांची भिंत पुष्कळदा एकच असते. नागपूरची काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. अशा जमिनीत शेजारच्या पायाजवळ खोल खोदले तर भेग त्याच्या घरात पडते. काम सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्याला सोबत घेऊन त्याच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत, म्हणजे जुनी भेग कोणती आणि नवी कोणती हा वाद उरत नाही. सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला आणि शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी.

खिडकीसमोर भिंत उभारतानाही विचार करावा. १८८२ चा सुविधाधिकार कायदा आरंभापासूनच मध्य प्रांतात, म्हणजे नागपुरातही, लागू आहे. २० वर्षे अखंड मिळालेल्या उजेड-वाऱ्यावर शेजाऱ्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. आणि शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने किती मोठा ठरविला आहे, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

मलबा रस्त्यावर टाकू नये. गल्लीत हातगाडी आणि रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी ठेवावी. तोडफोड दिवसा करावी, रमजान व दिवाळीच्या खरेदीचे दिवस टाळावेत.

मिस्त्री बंधूंनाही एक विनंती. मालक म्हणाला म्हणून भार पेलणारी भिंत फोडू नका. आणि मजुरी कामाच्या टप्प्यांनुसार लिहून घ्या. काम अडले तरी झालेल्या कामाचे पैसे बुडणार नाहीत.

कोणी म्हणेल, एवढे कागद कशाला? १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय घर पाडू नये. रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. त्यानंतर २४ मार्च २०२५ रोजी आपल्याच शहरात अनधिकृत बांधकामाच्या कारणावरून कारवाई झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर एक घर पडले होते. न्यायालयाचा आदेश मोलाचा खराच, पण पडलेली भिंत तो उभी करीत नाही. नोटिशीला उत्तर द्यायची वेळ आली तर मंजूर नकाशा हाती असावा आणि आपल्या बाजूने बोलणारा शेजारी दारात असावा. हे दोन्ही विटा आणण्यापूर्वीच मिळवावे लागतात.