रस्त्याची वर्गणी

मुलांनो, उन्हाळा लागला की आमच्या वर्गात माठ येतो. यंदा जुना माठ फुटला, म्हणून तोटीचा नवा माठ घ्यायचा ठरला. प्रत्येकाने दहा रुपये आणायचे. एकवीस जणांनी आणले, अकरा जणांनी नाही. त्यातल्या काहींना खरंच जमण्यासारखं नव्हतं, त्यांची गोष्ट वेगळी. पण दोघे-तिघे असे होते, की वर्गणी द्यायला विसरले आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या आधी पेला घेऊन माठापाशी हजर! "बाई, हे कसं चालतं?" पैसे देणाऱ्यांनी मला विचारलं. खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही.

हाच प्रश्न पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी कॅनडातल्या काही दुकानदारांना पडला होता. आणि त्यांनी शोधलेलं उत्तर पुढे जगभर गेलं. ऐका तर!

टोरांटो शहरात ब्लूर नावाचा एक लांबच लांब रस्ता आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या एका भागाला ब्लूर वेस्ट व्हिलेज म्हणतात. दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा आणि मधून ट्राम. ट्रामच्या खिडकीतून दुकानातल्या वस्तू दिसायच्या. काही आवडलं की पुढच्या थांब्यावर उतरायचं, घ्यायचं, पुन्हा ट्राम पकडायची. दुकानदारांचं छान चाललं होतं.

मग एकामागून एक दोन गोष्टी झाल्या. 1964 साली शहरात यॉर्कडेल नावाचा भला मोठा मॉल उघडला. सगळी दुकानं एका छपराखाली, वर गाड्या उभ्या करायला भरपूर जागा. लोक तिकडे धावले. पाठोपाठ ब्लूर रस्त्याच्या खालून भुयारी रेल्वे आली. 1968 साली ती याही भागापर्यंत पोचली आणि ट्राम बंद झाली. आता माणसं जमिनीखालून झपाझप जायची. भुयारातून दुकान दिसणार कसं? गिऱ्हाईक अक्षरशः दुकानदारांच्या पायाखालून निघून जाऊ लागलं!

दुकानदारांचा एक संघ होता. रस्ता सुंदर करू, दिवे लावू, बाकं ठेवू, म्हणजे लोक पुन्हा वर येतील, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी वर्गणी काढली. आणि काय झालं असेल? बरोबर, आमच्या माठासारखंच! काहींनी दिली, काहींनी "बघू" म्हटलं. पण रस्त्यावरचा दिवा कुणाची पावती बघून उजेड देत नाही. न देणाऱ्याच्या दारातही तेवढाच लख्ख प्रकाश. मग देणाऱ्यालाही वाटायला लागतं, मीच का द्यावे?

तेव्हा त्यांनी एक अजब मागणी केली. लोक एरवी कर कमी करा म्हणून ओरडतात. हे दुकानदार म्हणाले, आमच्यावर जादा कर बसवा! मात्र तो सगळ्यांवर बसवा, आणि त्यातला पैसा आमच्याच रस्त्यावर खर्च होऊ दे. ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने तसा कायदा केला, आणि 1970 मध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेज हे जगातलं पहिलं 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया' ठरलं. आपण त्याला व्यापारी सुधारणा क्षेत्र म्हणू. अमेरिकेत 'एरिया'च्या जागी 'डिस्ट्रिक्ट' म्हणतात, एवढाच फरक.

याचं काम कसं चालतं? क्षेत्रातल्या दुकानांच्या, कचेऱ्यांच्या जागांवर नेहमीच्या कराबरोबर एक वेगळी पट्टी बसते. ज्याची जागा जास्त किमतीची, त्याला जास्त. राहत्या घरांना ती नसते. पट्टी वसूल करते नगरपालिका, पण ती रक्कम त्या क्षेत्राच्या मंडळाकडे देते. मंडळावर व्यापाऱ्यांनीच निवडलेली माणसं असतात. वर्षभरात काय करायचं ते सभासदांच्या सभेत ठरतं आणि खर्चाला पालिकेची मंजुरी लागते. कचरा, पाणी, पोलीस ही कामं पालिकेने करायचीच, त्यातून सुटका नाही! मंडळाने त्यावर जादा करायचं: फुलझाडं, बाकं, नाताळातली रोषणाई, रस्त्यावरचे उत्सव. आज एकट्या टोरांटोत अशी ऐंशीहून जास्त क्षेत्रं आहेत.

इंग्लंडने असा कायदा 2003 साली केला. त्यांची पद्धत मला फार आवडली. तिथे मंडळाची दर पाच वर्षांनी परीक्षा असते. व्यापाऱ्यांचं मतदान होतं, आणि नापास झालं तर मंडळ बंद, पट्टीही बंद.

ही सगळी हकिगत मी वर्गात सांगितली. मुलं खूश झाली. पण मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, "बाई, ज्याच्याकडे पैसेच नाहीत, त्याचं काय?"

प्रश्न साधा नाही हं. छोट्या दुकानदाराला ही पट्टी जड जाऊ शकते. रस्ता देखणा झाला की भाडंही वाढतं. आणि जो दुकानदारच नाही, त्याने कुठे बोलायचं? न्यूयॉर्कमध्ये 1990 च्या दशकात अशाच एका मंडळाच्या माणसांवर बेघर लोकांना दमदाटी करून हाकलल्याचे आरोप झाले होते. रस्ता तर सगळ्यांचा असतो. तो झाडायला पैसे दिले म्हणून तो विकत मिळत नाही, असं मला तरी वाटतं.

त्याच न्यूयॉर्कमध्ये ब्रायंट पार्क नावाची बाग आहे, मोठ्या सार्वजनिक वाचनालयाच्या मागे. एके काळी तिथे मादक पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा होता. 1988 मध्ये बाग दुरुस्तीसाठी बंद झाली, 1992 मध्ये पुन्हा उघडली. आजूबाजूच्या इमारतींची वर्गणी आणि बागेतल्या उपाहारगृहाचं भाडं अशा पैशांतून ती चालते. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकांचा सल्ला या कामात घेतला होता. लोक कुठे आणि कसे बसतात याचं त्यांनी शहरभर चित्रीकरण केलं होतं. त्यांना काय दिसलं माहीत आहे? माणूस खुर्चीवर बसण्याआधी ती इंचभर तरी सरकवतोच! म्हणून बागेत जमिनीत पुरलेल्या बाकांच्या जोडीला सुट्या, हलक्या, हिरव्या खुर्च्या ठेवल्या. चोरीला जातील की, असं कुणालाही वाटेल. पण ती पद्धत टिकली. काहीही विकत न घेता कुणीही यावं, खुर्ची उन्हात ओढावी नाहीतर सावलीत, आणि डबा खावा. तिथल्या सार्वजनिक स्वच्छतागृहात ताजी फुलंसुद्धा ठेवतात. (हे ऐकून आमच्या वर्गात किती हशा पिकला म्हणून सांगू!)

आता पुढच्या उन्हाळ्यातल्या माठाबद्दल आमच्या वर्गात मतदान घ्यायचं ठरलं आहे. वर्गणी सक्तीची करायची का नाही? "सक्तीची करा, पण कुणी किती द्यायचे ते गुपचूप बाईंना सांगायचं," अशी एक सूचना आली. दुसरी सूचना, "सगळे पैसे बाईंनीच द्यावेत." ती कुणाची, ते मी सांगणार नाही!