क्रियापदाच्या सोबतीचा लहान शब्द

इंग्रजी व्याकरणाचे नियम तोंडपाठ असलेला मनुष्यहि पुष्कळदां एखाद्या इवल्याशा शब्दापाशीं अडखळतो. समजा, एका उमेदवारानें नोकरीसाठीं अर्ज केला आणि शेवटीं साहेबांस विनंती केली कीं, कृपा करून हा अर्ज 'ओव्हरलुक' करावा. त्याच्या मनांत होतें 'लुक ओव्हर', म्हणजे नजरेखालून घालावा. कागदावर उमटलें तें अगदीं उलट: अर्जाकडे दुर्लक्ष करावें! शब्द तेच दोन. शेवटचा 'ओव्हर' आरंभीं आला मात्र, आणि अर्जाचा निकाल बिचाऱ्या अर्जदारानेंच लावला.

ही अडचण आजची नव्हे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनीं १७५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच, असल्या जोडक्रियापदांनीं परकीयांची फार अडचण होते, हें नमूद केलें आहे. त्यांचें 'फ्रेझल व्हर्ब' हें नांव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ग्रंथांत आढळतें.

'रॅन अप ए हिल' म्हणजे टेकडी धांवत चढला. 'रॅन अप ए बिल' म्हणजे देणें वाढवून बसला. पहिल्यांत 'अप' टेकडीशीं बांधलेला आहे, दुसऱ्यांत क्रियापदाशीं. ओळखण्याची खूण सोपी आहे. नामाऐवजीं सर्वनाम घालून पाहावें. क्रियापदाशीं एकजीव झालेला शब्द सर्वनामाला मध्यें जागा देतो: लांबणीवर टाकणें या अर्थीं 'पुट इट ऑफ' असेंच म्हणतात, 'पुट ऑफ इट' असें कधींच नाहीं. उलट 'लुक आफ्टर हिम' यांत सर्वनाम शेवटींच राहतें.

मराठी माणसानें याचा बाऊ करण्याचें खरें पाहतां कारण नाहीं. 'लाडू खाऊन टाक' म्हणतांना कोणी कांहीं फेंकीत नाहीं. 'टाक' केवळ क्रिया पुरी झाल्याचें सांगतो. 'ईट अप' मधील 'अप' हेंच करतो. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणें, आणि मौज अशी कीं, दोन्ही भाषांना येथें 'देणें'च आठवलें!

क्रियाविशेषणात्मक वाक्यांशांतहि असाच बारीक भेद असतो. 'ऑन टाइम' म्हणजे ठरल्या वेळीं, 'इन टाइम' म्हणजे वेळ टळण्यापूर्वीं. गाडी 'ऑन टाइम' सुटते. प्रवासी 'इन टाइम' पोंचला, तरच ती त्याला मिळते.